लघु तंत्रज्ञान कंपनीतील नेतृत्व आणि वैज्ञानिक सल्ला : महापे येथील 'आयडियाफोर्ज'च्या संदर्भात

प्रस्तावना

कोणत्याही नवोदित तंत्रज्ञान कंपनीचे माहितीपत्रक उघडले असता त्यात दोन याद्या सहसा आढळतात. पहिली यादी संचालक आणि कार्यकारी अधिकाऱ्यांची, दुसरी वैज्ञानिक सल्लागारांची. पहिल्या यादीत वयाने तरुण, बहुधा एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेली तीन-चार नावे असतात. दुसरीत निवृत्त प्राध्यापक, प्रयोगशाळांचे माजी संचालक आणि पुरस्कारप्राप्त शास्त्रज्ञ असतात. वाचणाऱ्याचे लक्ष साहजिकच दुसऱ्या यादीकडे आधी जाते. गुंतवणूकदाराला तिच्यामुळे धीर येतो आणि सरकारी खात्यातील खरेदी अधिकाऱ्यालाही ती उपयोगी पडते. मात्र या दुसऱ्या यादीतील व्यक्ती कंपनीत नेमके काय करतात, त्यांचा शब्द कोणावर बंधनकारक असतो आणि उत्पादन सदोष निघाल्यास त्यांना जाब कोण विचारतो, याचा उलगडा त्या माहितीपत्रकातून क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नवी मुंबईतील महापे येथे मुख्यालय असलेल्या 'आयडियाफोर्ज टेक्नॉलॉजी लिमिटेड' या मानवरहित विमाने बनविणाऱ्या कंपनीच्या आधारे केला आहे. ही कंपनी निवडण्याचे कारण असे की, तिच्या वाटचालीत वैज्ञानिक सल्ला नामफलकावरील नावांच्या रूपाने फारसा दिसत नाही; तो शिक्षणसंस्था, संरक्षण प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष वापर करणारे सैनिक यांच्याकडून निरनिराळ्या टप्प्यांवर आलेला आहे. वैज्ञानिक सल्ल्याचे मोल सल्लागाराच्या कीर्तीवर ठरत नाही. चूक दुरुस्त करण्यास वेळ आणि पैसा शिल्लक असताना तो 'हे चालणार नाही' असे सांगू शकतो काय, आणि ते ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो काय, या दोन गोष्टींवर ते ठरते, असे या उदाहरणावरून दिसते.

कायद्याच्या दृष्टीने सल्लागाराचे स्थान

कंपनी कायदा २०१३ मध्ये संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी, मुख्य वित्त अधिकारी, कंपनी सचिव या सर्वांच्या जागा निश्चित केलेल्या आहेत. कलम १६६ मध्ये संचालकांची कर्तव्ये नमूद केली आहेत, तर कलम १४९ नुसार नोंदणीकृत समभाग असलेल्या कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. वैज्ञानिक सल्लागार हे पद मात्र या कायद्याला ठाऊकच नाही. तांत्रिक बाजूची सर्व जोखीम ज्याच्या निर्णयांवर अवलंबून असते त्या मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याचेही नाव 'प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्तीं'च्या व्याख्येत स्वतंत्रपणे घेतलेले नाही. हिशेबनीस चुकला तर कायदा त्याला शोधून काढतो. पंख्याची रचना चुकली तर कोणाकडे बोट दाखवावे, हे त्याने सांगितलेले नाही.

तथापि सल्ल्याचा उल्लेख कायद्यात अजिबात नाही असे नव्हे. 'प्रवर्तक' या संज्ञेच्या व्याख्येत, ज्याच्या सल्ल्यानुसार वा सूचनेनुसार संचालक मंडळ वागत आले आहे अशा व्यक्तीचाही समावेश होतो. परंतु लगेच पुढे असा अपवाद जोडलेला आहे की, केवळ व्यावसायिक नात्याने सल्ला देणाऱ्यास हे कलम लागू होणार नाही. म्हणजे सल्लागार कायद्यात येतो तो वगळण्यापुरता! सल्लागाराने निर्भयपणे बोलावे यासाठी ही सवलत आवश्यकच आहे. प्रत्येक शब्दासाठी प्रवर्तकाइतके उत्तरदायित्व अंगावर येणार असेल तर कोणता प्राध्यापक कंपनीच्या दारात पाऊल ठेवील? पण याच सवलतीमुळे, उत्तरदायित्व नसलेली प्रतिष्ठा उसनी घेण्याची वाटही कंपनीला मोकळी होते.

आणखी एक तरतूद येथे लक्षात घ्यावी लागते. समभाग विक्रीच्या माहितीपत्रात एखाद्या तज्ज्ञाचे विधान छापावयाचे असल्यास कलम २६ नुसार तो तज्ज्ञ कंपनीच्या स्थापनेत, प्रवर्तनात किंवा व्यवस्थापनात गुंतलेला नसावा आणि त्याची लेखी संमती असावी, अशी अट आहे. तज्ज्ञाच्या व्याख्येत अभियंत्याचा उल्लेख स्पष्ट आहे. तज्ज्ञाचा शब्द विश्वासार्ह ठरण्यासाठी तो घरचा नसावा, हे तत्त्व कायद्याने पैशाच्या बाबतीत मान्य केले आहे. रोजच्या वैज्ञानिक निर्णयांच्या बाबतीत ते पाळणे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले आहे.

कीर्तिमान नावे आणि अमेरिकेतील एक धडा

हे मर्जीवर सोडणे किती महाग पडू शकते, याचे गेल्या दोन दशकांतील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील 'थेरॅनॉस' या रक्तचाचणी कंपनीचे आहे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या संचालक मंडळावर एके काळी हेन्री किसिंजर, जॉर्ज शुल्ट्झ, विल्यम पेरी, जेम्स मॅटिस यांच्यासारखी नावे होती. राजकारण, मुत्सद्देगिरी आणि लष्कर यांचा अनुभव त्या मंडळात भरपूर होता. रक्ताच्या एका थेंबातून शेकडो चाचण्या होऊ शकतात काय, या प्रश्नाची उलटतपासणी करू शकणारे जवळजवळ कोणी नव्हते. ऑक्टोबर २०१५ मध्ये वृत्तपत्रातून कंपनीच्या दाव्यांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. प्रयोगशाळा-वैद्यकातील तज्ज्ञांचे सल्लागार मंडळ कंपनीने वाजतगाजत जाहीर केले ते त्यानंतर, एप्रिल २०१६ मध्ये. तोवर दुरुस्त करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. २०१८ मध्ये कंपनी विसर्जित झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले.

ठाणे-बेलापूर पट्ट्याची परंपरा

नवी मुंबईच्या औद्योगिक इतिहासात शास्त्रज्ञ आणि उद्योजक यांचे नाते नवे नाही. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच एमआयडीसीची, स्थापना झाल्यावर ठाणे खाडीच्या पूर्वेस जो औद्योगिक पट्टा आकारास आला, तो प्रामुख्याने रसायनांचा होता. खाडीपलीकडे, माटुंग्यास मुंबई विद्यापीठाचा १९३३ मध्ये सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, सर्वतोमुखी रूढ असलेला 'यूडीसीटी', होता. तेथील प्राध्यापकांनी कारखान्यांना सल्ला देण्याची प्रथा दीर्घकाळ जोपासली. प्रा. मनमोहन शर्मा यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तेथे प्राध्यापकपद स्वीकारले, पुढे संचालकपदही भूषविले आणि अध्यापनाबरोबर उद्योगांचा सल्लागार म्हणूनही आयुष्यभर काम केले. १९९० मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्यांच्यासारख्या गुरूचा विद्यार्थी कारखान्यात गेला की सल्ल्याचा धागा आपोआपच जुळत असे. त्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापण्याची गरज भासत नसे. पवणे येथे मुख्यालय असलेल्या 'गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स'च्या १९८० मधील उभारणीतही यूडीसीटीच्या पदवीधरांचा मोठा वाटा होता.

या गुरुशिष्य-पद्धतीचे गुण उघड आहेत, तसा दोषही आहे. शिष्य गुरूला प्रश्न विचारतो, परंतु गुरूच्या उत्तरावर प्रतिप्रश्न करण्याचा आपल्याकडे प्रघात कमी. रासायनिक प्रक्रियेत तो दोष फारसा जाणवत नाही, कारण प्रक्रिया फसली की अभिक्रियापात्रातले मिश्रणच ते सांगते. जेथे उत्पादन वर्षानुवर्षे गुंतागुंतीचे होत जाते आणि दोष हजार किलोमीटर दूर, हिमरेषेवर, उघडकीस येतो तेथे मात्र वेगळी व्यवस्था लागते.

पवई ते महापे

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पवईच्या आयआयटीत, उद्योग-संगोपनाची सुरुवात माहिती तंत्रज्ञानापासून झाली. १९९९ च्या सुमारास कंवल रेखी माहिती तंत्रज्ञान विद्यालयात प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने नवोदित कंपन्यांना जागा, संगणक आणि मार्गदर्शन देण्याचा प्रयोग झाला. त्यातूनच २००४ मध्ये 'साइन' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिच्या छत्राखाली जागेचे भाडे माफक होते, प्रयोगशाळा वापरता येत होत्या आणि मुख्य म्हणजे प्राध्यापकाच्या दारावर टकटक करून पाच मिनिटे मागता येत होती. या शेवटच्या सोयीची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

अंकित मेहता, राहुल सिंह आणि आशीष भट या आयआयटीच्या पदवीधरांनी २००७ मध्ये 'आयडियाफोर्ज'ची स्थापना केली. मेहता आणि सिंह यांचे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे, तर भट यांचे विद्युत अभियांत्रिकीचे. आरंभीच्या काळात हाताने फिरवून मोबाइल चार्ज करण्याचे उपकरणही त्यांनी बनविले; पण मन रमले ते चार पंख्यांच्या छोट्या उडत्या यंत्रात. २००९ च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटात खिडकीबाहेर तरंगणारे जे यंत्र असंख्य प्रेक्षकांनी पाहिले, ते याच कंपनीचे. प्रेक्षकांना ती चित्रपटातली करामत वाटली असल्यास नवल नाही. भारतात अशी यंत्रे तेव्हा जवळजवळ कोणी पाहिलेलीच नव्हती.

याच वर्षी सरकारी धोरणातही एक महत्त्वाचा बदल झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाने २००९ मध्ये काढलेल्या ज्ञापनाने, संशोधन व शिक्षण संस्थांतील वैज्ञानिकांना नोकरीत राहूनही आपल्या ज्ञानावर आधारित कंपनीत भागभांडवल धारण करण्याची मुभा दिली. तोवर प्राध्यापक कंपनीचा सल्लागार होऊ शकत होता, भागधारक होणे मात्र अवघड होते. या मुभेमुळे सल्लागाराच्या भूमिकेत एक द्विधा उत्पन्न झाली. ज्याचा हिस्सा आहे तो मनापासून वेळ देतो, हे खरे. पण समभागाचा भाव वाढण्याच्या वेळीच नकार द्यायचा असेल, तर हिस्सा असलेला माणूस तो कितपत देऊ शकेल?

'नेत्र' : सल्लागार की भागीदार

कंपनीच्या वाटचालीतील पहिले मोठे वळण म्हणजे पुण्याजवळ दिघी येथील संशोधन व विकास आस्थापना (अभियंते) या डीआरडीओच्या प्रयोगशाळेबरोबर झालेले सहकार्य. त्यातून २०१० च्या सुमारास 'नेत्र' हे मानवरहित यान आकारास आले. वजन सुमारे दीड किलो, पाठीवरच्या पिशवीत मावणारे, एका वेळी जेमतेम अर्धा तास हवेत राहणारे असे त्याचे स्वरूप होते. जून २०१३ मधील उत्तराखंडच्या महापुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने दुर्गम खोऱ्यांत अडकलेल्या लोकांच्या शोधासाठी त्याचा उपयोग केला.

सल्लागार म्हणून डीआरडीओची भूमिका तपासली असता ती एखाद्या मान्यवर प्राध्यापकाच्या भूमिकेहून पुष्कळ वेगळी होती, असे लक्षात येते. प्रयोगशाळेला सैन्याच्या गरजा ठाऊक होत्या: धूळ किती सोसावी लागते, संदेशवहन तुटल्यास यंत्राने काय करावे, हातमोजे घातलेल्या जवानाला बटण दाबता येते काय. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. उलट, लहान यंत्राची चपळ रचना, स्वयंचलित उड्डाणाची नियंत्रणप्रणाली आणि महिन्या-दोन महिन्यांत नवा नमुना तयार करण्याचा वेग ही तरुण कंपनीची बाजू होती. येथे सल्ला एकाच दिशेने वाहत नव्हता. सरकारी प्रयोगशाळा खासगी कंपनीची शिक्षक आहे, हे गृहीत धरून अशा सहकार्याचे श्रेय वाटण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच तपासून पाहण्याजोगी आहे.

पातळ हवेचा प्रश्न

नेतृत्वाची खरी कसोटी लागली ती यानंतर. अर्धा तास उडणारे यंत्र पुरात उपयोगी पडते. सीमेवर पडत नाही. कारण समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पाहणे इष्ट ठरेल.

चार पंख्यांचे यान हवेत स्थिर राहते ते सतत हवा खाली ढकलून. त्याचे संपूर्ण वजन प्रत्येक क्षणी पंख्यांनी तोलावे लागते. पंख असलेले विमान मात्र पुढे सरकते तेव्हा वजन पंखांवर तोलले जाते आणि मोटरला फक्त हवेच्या रोधावर मात करावी लागते. चांगल्या रचनेत हा रोध वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका कमी असू शकतो. त्यामुळे तेवढ्याच बॅटरीवर पंखवाले विमान कितीतरी अधिक काळ उडते. मात्र त्याला धावपट्टी लागते, निदान फेकण्यास आणि उतरण्यास मोकळी जागा तरी लागते. डोंगरातील चौकीवर ती नसते.

त्यात उंचीची भर पडते. प्रमाण वातावरण गृहीत धरल्यास समुद्रसपाटीपासून ४,५०० मीटर उंचीवर हवेची घनता खालच्या घनतेच्या सुमारे ६३ टक्केच उरते. तरंगत राहण्यासाठी लागणारी शक्ती घनतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजेच तोच पंखा, तेच वजन असताना सुमारे २५ टक्के अधिक शक्ती खर्च होते, आणि पंखाही जवळजवळ तितकाच अधिक वेगाने फिरवावा लागतो. मोटर त्या वेगासाठी बनविलेली नसेल तर ती तापते. त्याच वेळी बाहेरचे तापमान शून्याखाली असते; लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो आणि तिच्यातून मिळणारी ऊर्जा घटते. शक्तीची मागणी वाढते आणि पुरवठा आटतो, अशी दुहेरी कोंडी होते. पवईच्या तलावाकाठी उत्तम चाललेले यंत्र लडाखमध्ये का कोसळते, याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे.

कंपनीने यावर निवडलेला मार्ग संकर रचनेचा होता. उभे वर उठताना व उतरताना चार पंख्यांसारखे वागायचे आणि वर गेल्यावर पंखांवर आडवे उडायचे. 'स्विच' या नावाचे हे यान सात किलोंपेक्षा कमी वजनाचे असून दोन तासांहून अधिक काळ हवेत राहू शकते. संकर रचनेचा मोबदलाही द्यावा लागतो. उभ्या उड्डाणाची यंत्रणा आडव्या उड्डाणात निव्वळ ओझे होते आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचे काही क्षण नियंत्रणाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. या क्षणांत काय करावे हे ठरविणारी प्रणाली बाहेरून विकत घेतली असती, तर प्रत्येक दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागले असते. उड्डाणाची स्वयंचलित नियंत्रणप्रणाली आणि जमिनीवरील संचालनाचे सॉफ्टवेअर स्वतःच विकसित करण्याचा निर्णय म्हणूनच वैज्ञानिक आणि व्यावसायिक असा दोन्ही होता. तो खर्चिक होता आणि ज्यांना त्यामागील समीकरणे कळत होती, त्यांनीच तो घेतला.

जानेवारी २०२१ मध्ये भारतीय सैन्याने या यानांसाठी सुमारे १४० कोटी रुपयांची मागणी कंपनीकडे नोंदविली. तत्पूर्वी सैन्याने यानांच्या चाचण्या घेतल्या होत्या. या चाचण्यांकडे केवळ खरेदी प्रक्रियेचा टप्पा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. कंपनीला लाभलेला सर्वांत कठोर वैज्ञानिक सल्ला तोच होता. चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला कंपनीत हिस्सा नसतो, संस्थापकांशी त्याचा पूर्वपरिचय नसतो आणि त्याच्या अहवालात 'उत्तीर्ण' वा 'अनुत्तीर्ण' यांच्या अधले शब्द फार नसतात. मानधन घेऊन असे बोलणारा सल्लागार मिळणे दुर्मीळ.

नियमांची टांगती तलवार

येथे बाह्य परिस्थितीचा उल्लेख थोडक्यात करणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मुलकी क्षेत्रातील ड्रोनच्या वापरास मनाई करणारी सूचना काढली. डिसेंबर २०१८ मध्ये नियमावली अमलात येईपर्यंत शेती, खाणकाम, मोजणी अशी सर्व मुलकी बाजारपेठ जवळपास बंदच राहिली. सुरक्षा दले हीच ग्राहक असलेल्या कंपन्या तेवढ्या तगल्या. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये उदार स्वरूपाचे ड्रोन नियम आले, त्याच वर्षी उत्पादनाशी निगडित १२० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. आठ वर्षांत बंदीपासून संरक्षणापर्यंतचा हा प्रवास कोणत्याही वैज्ञानिक सल्लागाराला आधी सांगता आला नसता. लहान कंपनीला विज्ञानाइतकीच शासनव्यवहाराची जाण असलेला माणूस लागतो, हे यावरून कळते.

भांडवल आल्यानंतरचे संचालक मंडळ

२०१६ मध्ये इन्फोसिस, क्वालकॉमचा गुंतवणूक विभाग आणि डब्ल्यूआरव्ही कॅपिटल यांनी कंपनीत भांडवल घातले. जून २०२३ मध्ये कंपनीने ५६७ कोटी रुपयांची प्राथमिक समभाग विक्री केली. प्रति समभाग ६७२ रुपये या दराने झालेल्या या विक्रीस शंभरपटींहून अधिक प्रतिसाद मिळाला आणि ७ जुलै २०२३ रोजी समभागाची नोंदणी सुमारे १,३०० रुपयांवर झाली. विक्रीनंतर तिन्ही प्रवर्तकांचा एकत्रित हिस्सा एकतृतीयांशाहूनही कमी राहिला.

या वेळी कंपनीच्या वरच्या फळीची रचना विचार करण्याजोगी होती. मुख्य कार्यकारी अधिकारी मेहता, अभियांत्रिकी विभागाची धुरा सिंह यांच्याकडे, संशोधन व विकासाची भट यांच्याकडे, तर वित्तविभाग विपुल जोशी यांच्याकडे. म्हणजे सोळा वर्षांनंतरही ज्यांनी पहिले यंत्र जोडले त्यांच्याच हाती रचनेचे निर्णय होते. संचालक मंडळावर आलेली बाहेरची मंडळी मात्र वेगळ्या क्षेत्रांतील होती. अध्यक्ष श्रीकांत वेलमकन्नी हे विदा-विश्लेषणाच्या 'फ्रॅक्टल' या कंपनीचे सहसंस्थापक. सुतपा बॅनर्जी यांचा अनुभव वित्तक्षेत्रातील, विकास बालिया यांचा कायद्याचा, मॅथ्यू सिरियाक यांचा खासगी गुंतवणुकीचा. नोंदणीकृत कंपनीला वित्त, कायदा आणि सुशासन यांची जाण असलेले संचालक हवेतच. प्रश्न उरतो तो असा की, संशोधनप्रमुखाने मांडलेल्या तांत्रिक प्रस्तावावर संचालक मंडळाच्या बैठकीत बरोबरीच्या नात्याने हरकत कोण घेणार?

संस्थापकच तंत्रज्ञ असल्यामुळे 'थेरॅनॉस'सारखी पोकळी येथे निर्माण होत नाही, ही जमेची बाजू. पण तंत्रज्ञ संस्थापकाला स्वतःच्या रचनेविषयी ममत्व असते, ही खर्चाची बाजू. समभाग विक्रीतून कंपनीच्या हाती येणाऱ्या २४० कोटी रुपयांच्या विनियोगातही हीच परिस्थिती डोकावते. त्यातील १३५ कोटी खेळत्या भांडवलासाठी आणि ४० कोटी उत्पादनविकासासाठी राखलेले होते. संरक्षण खात्याला माल पुरविणाऱ्या लहान कंपनीचे पैसे गोदामात आणि येण्यांत अडकून पडतात. प्रयोगशाळेचा क्रमांक त्यानंतर लागतो.

त्यानंतरच्या वर्षांतील आकडे बोलके आहेत. २०२०-२१ मध्ये तोट्यात असलेली कंपनी 'स्विच'च्या पुरवठ्याबरोबर नफ्यात आली. २०२३-२४ मध्ये तिचे उत्पन्न सुमारे ३१४ कोटी आणि नफा ४५ कोटी रुपये होता. २०२४-२५ मध्ये उत्पन्न सुमारे १६१ कोटींवर घसरले आणि ६२ कोटी रुपयांचा तोटा झाला. २०२५ च्या आरंभी समभागाचा भाव विक्रीमूल्याच्याही बराच खाली गेला होता. यानांची गुणवत्ता एका वर्षात निम्मी झाली नव्हती. सरकारी मागणीचा ओघ मंदावला होता. प्राथमिक विक्रीत १,३०० रुपयांच्या भावावर हरखलेल्या सामान्य गुंतवणूकदाराने तंत्रज्ञानाची प्रशंसा आणि मागणीची खात्री या दोन गोष्टींत गल्लत केली असे म्हणावे लागते, आणि ती गल्लत दूर करणे हे वैज्ञानिक सल्लागाराचे काम नव्हते.

नव्या सल्ल्याची निकड

वैज्ञानिक सल्ल्याची गरज मात्र याच काळात पूर्वीपेक्षा वाढलेली दिसते. युक्रेनमधील युद्धाने २०२२ पासून दाखवून दिले की, उपग्रहाकडून येणारा स्थाननिर्देशक संकेत दाबून टाकला वा खोटा पाठविला तर महागडे यानही दिशाहीन होते. संकेत नसताना कॅमेऱ्यातील दृश्यावरून वा अंतर्गत संवेदकांवरून मार्ग काढणे हा यंत्ररचनेपेक्षा संकेत-प्रक्रिया आणि गणित यांचा प्रांत आहे. २००७ मध्ये एकत्र आलेल्या यंत्र आणि विद्युत अभियंत्यांच्या शिक्षणात तो मध्यवर्ती नव्हता.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. २०२३ मध्ये लष्करी ड्रोनमध्ये चिनी भाग वापरण्यास भारत सरकारने मनाई केली. कागदावर ही अट एका ओळीची आहे. प्रत्यक्षात ड्रोनच्या लहान, हलक्या आणि जोरकस मोटरमध्ये दुर्मीळ मृदा-धातूंची चुंबके असतात, आणि अशा चुंबकांच्या जागतिक उत्पादनात चीनचा वाटा फार मोठा आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने समेरियम, टर्बियम, डिस्प्रोसियम यांसह सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. डिस्प्रोसियम व टर्बियम ही चुंबक तापल्यावरही त्याचे बळ टिकून राहावे म्हणून मिसळली जातात. पातळ हवेत वेगाने फिरून तापणाऱ्या मोटरचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. फरक इतकाच की, त्याचे उत्तर आता पंख्याच्या रचनेत शोधायचे की धातुविज्ञानात, हे ठरवायचे आहे. पहिला मार्ग संस्थापकांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्यासाठी जो माणूस लागतो तो महाप्याच्या कारखान्यात सहसा नसतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने समेरियम-कोबाल्ट चुंबकांच्या तंत्रज्ञानावर काम केले असून, विशाखापट्टणम येथे 'आयआरईएल' या सरकारी कंपनीचा वर्षाला ३,००० किलो क्षमतेचा चुंबक प्रकल्प मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. हे केंद्र तुर्भ्याच्या आणि वाशीच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर, ट्रॉम्बे येथे आहे.